रुतला का मारला?

कारध्याच्या पुलापाशी मासळीची ओळ बसते. नऊ बायका, नऊ टोपली. मासा सगळ्यांकडे सारखाच, वैनगंगेतला नाहीतर गावच्या तलावातला. तरी लोक भंडाऱ्याहून पूल ओलांडून यायचे ते बायाबाईसमोर उभं राहायला, आणि जवाहरनगरच्या क्वार्टरातल्या बायका तर रविवारी आधी फोन करून ठेवायच्या. कारण एकच. कापावं तर बायाबाईनं.

पावशीची, म्हणजे विळीची, पाटी पायाखाली दाबायची, मासा दोन्ही हातांनी पात्यावर लोटायचा, खवले उडवायचे, आणि मग उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गलफडातून आत सारून सगळी आतडी एका ओढीत बाहेर. एका ओढीत, बरं का! पित्ताची पिशवी शाबूत. ती फुटली की मासा कडू होतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. आत काही दिसत नाही, सगळं त्या बोटाच्या टोकाला कळावं लागतं. तीस वर्षांत किती पित्तं फुटली असं विचारलं तर बायाबाई दोन म्हणून सांगायची. त्यातलंही एक पोटुशी असताना फुटलं, ते धरायचं नाही, असं तिचं म्हणणं.

त्याच बोटाला पोळ्यानंतरच्या रविवारी मांगुरानं काटा मारला.

मांगूर हा काळा, बुळबुळीत, भारी चिवट मासा. पाण्याबाहेर काढला तरी तास-तास जिवंत राहतो. हाताला राख चोळल्याशिवाय हातात थांबत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या परांमध्ये एकेक काटा बाळगून असतो. नवरा आसाराम जाळ्यातून काढताना जपून काढायचा, पण कापताना मासा उसळतो, तिथे काय जपणार! बायाबाईनं बोट दाबून रक्त काढलं, वर चिमूटभर राख दाबली आणि पुढचा मासा उचलला. ओळीतल्या सगळ्याच असं करतात. मासळीवालीनं काटा मारला म्हणून सांगत बसणं म्हणजे धानाचं रोवणं करणारीनं पायाला चिखल लागला म्हणून सांगण्यासारखं आहे.

तीन आठवड्यांनी तिथे गाठ आली. जांभळट, फार न दुखणारी. मग ती फुटली, पाणी वाहू लागलं, आणि भरेचना. हळद झाली, चुना झाला. भंडाऱ्यातल्या एका डॉक्टरांनी चीर देऊन धुतलं, गोळ्या दिल्या, पुन्हा दुसऱ्या गोळ्या दिल्या. दिवाळी गेली. तोवर हाताच्या पाठीवर दुसरी गाठ आली होती आणि मनगटाजवळ तिसरी, तिन्ही एका रेघेत.

"काय लागलं होतं बाई?" डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काटा."

"शेतातला?"

धान निंदायचे दिवस होते, रोज दहा जण काटा रुतला म्हणून येत होते. बायाबाईनं होकाराची मान हलवली. कागदावर तसंच लिहिलं गेलं.

आता ती मान का हलली ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही तिला वेडी ठरवून मोकळे व्हाल. दोन पावसाळ्यांआधी कोण्या रिकामटेकड्यानं मोबाईलवर फिरवलं होतं, की तलावातल्या मासळीत रोग निघाला, खाऊ नका. झालं! वीस दिवस ओळीतल्या नऊ जणी नुसत्या माशा मारत बसल्या. शेजारच्या ललिताबाईकडे दोन्ही वेळ पेज शिजायची. बातमी खोटी होती, पण खोटं म्हणून सांगायला कोणी आलं नाही. तेव्हा सगळ्या जणी घाटावर उतरल्या, वैनगंगेचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि ठरवलं की मासळीचं वाईट आपल्या तोंडून निघणार नाही. मेलं तरी नाही.

"मी कोठं खोटं बोलली?" बायाबाई आसारामला म्हणाली. "काटाच तं होता."

"कायचा होता, ते नाई सांगतलं तूनं."

"त्याईनं नाई विचारलं."

बायकोशी बोलण्यात आसाराम आजवर जिंकला नव्हता.

पुढे एका मोठ्या सर्जनकडे जावं लागलं. त्यांनी फोटो काढला, बोट दाबून पाहिलं, आणि सरळ सांगितलं की आत हाडापर्यंत गेलेलं दिसतंय, हात वाचवायचा तर बोटाची वरची दोन पेरं काढावी लागतील. सोमवार ठरला.

घरी येऊन बायाबाईनं अंगणात पावशी मांडली, आसारामनं आणलेल्या रोहूंतले चार घेतले आणि त्या बोटाला बाजूला ठेवून मधल्या बोटानं आतडी काढून पाहिली. पहिल्याचं पित्त फुटलं. दुसऱ्याचं फुटलं. तिसरा नीट निघाला, चौथ्याचं पुन्हा फुटलं आणि हिरवं पाणी तिच्या तळहातावरून ओघळलं. तीस वर्षांत दोन, आणि आता एका बैठकीत तीन. ती तिथेच पावशीवर बसून पोरीसारखी रडली. बोट गेलं असतं तर तिला दुःख झालंच असतं, पण बोटाबरोबर बायाबाईच जाणार होती, उरली असती ओळीतली कोणी एक.

शुक्रवारी ती गावच्या उपकेंद्रात पट्टी बदलायला गेली. तिथली सिस्टर दीपमाला. यादोरावची पोरगी. यादोराव जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता आणि दर रविवारी या पोरीचं बोट धरून मासळी घ्यायला यायचा. ती तेव्हा टोपल्याएवढी होती. आता तिचा हात असा हलका, की पट्टी सुटली कधी ते कळू नये. गावात बाकी सिस्टरही येऊन गेल्या, पण जखम पाहताना माणसाशी बोलत राहणारी हीच.

"कसं लागलं वो मावशी हे?"

झालं, बायाबाई भडकली. सोमवार डोक्यावर आणि जो तो तेच विचारतो!

"काटा, काटा, काटा! किती येळा सांगू? पोळ्याच्या मंगच्या आयतवारी काटा मारला, तवापासून हेच चालू हाये!"

दीपमालाचा हात कापसासकट हवेत थांबला.

"काय केलं काट्यानं?"

"मारला मनलं ना."

"बाभळीच्या?"

"हव."

"मावशी," दीपमाला खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसली, "बाभूळ कईपासून मारायले लागली? बाभळीचा काटा रुतते. बोरीचा रुतते. मारते तो मासा."

बायाबाईचं तोंड उघडं राहिलं. तीन महिने एवढे शिकलेले लोक विचारत होते, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ही पोरगी एका शब्दावर बोट ठेवून मोकळी.

"मी पाच वर्साची होती," दीपमाला म्हणाली. "तुह्या टोपल्यात हात घातला मी. तूनं माह्या हातावर चापट हाणली. काय बोलली होती, आठवते? 'हात नको लावजो पोरी, काटा मारते तो.' बाबाले वाईट वाटलं असन मनून तू एक मासा जास्त टाकला होता. सांग आता, मांगूर होता का नाई?"

बायाबाईनं पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात सगळं सांगितलं, मोबाईलवरची ती अफवा, वीस दिवस, ओंजळीतलं पाणी. शेवटी हात जोडले. "कोणाले सांगू नको माय. माह्या बोटापायी आठ घरांचं पोट मारू नको."

दीपमालानं तिचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. ती रागावली नाही, हे मला फार आवडतं. कोणी दुसरं असतं तर तासभर शाळा घेतली असती.

"आईक. पाण्यात, मासळीवर काही जंतू राह्यतात. त्यातला एक टीबीच्या जंतूच्या भावकीतला हाये, पण त्याले थंडावा लागते. मनून तो आंगात खोल जात नाई, बोटात, हातावर, असा रेघेनं चालते. साध्या गोळ्यांनं हालत नाई. मासा शिजवून खानाऱ्याले त्याच्यानं काई होत नाई. एकापासून दुसऱ्याले लागत नाई. कापनाऱ्याच्या चिरलेल्या हातात शिरते, बस."

"मंग तोच हाये का हा?"

"तोच हाये असं मी नाई मनत. मी डाक्टर नाई. तपासनीत निघन. पण तपासनी करनाऱ्यानं आंगाच्या गरमीत ठेवला तं तो वाढतच नाई, अन् कागदावर 'काही नाही' असं येते. त्याईले सांगावं लागते, मासळीवालीचा हात हाये, थंड्यात ठेवा. चिठ्ठीवर काटा लिवला तं बोट गेलं. मासा लिवला तं कदाचित वाचन."

"तू सांग ना मंग डाक्टरले."

"संगं येतो मी. पन सांगन तुलेच लागन. मी सांगतलं तं तो सिस्टरचा अंदाज. तू सांगतलं तं खरं."

शनिवार-रविवार बायाबाईनं कसे काढले ते तिलाच माहीत. ओंजळीतलं पाणी एकीकडे आणि बोट एकीकडे.

सोमवारी दोघी पुलावरून भंडाऱ्याला गेल्या. दवाखान्यात बाकावर टेकतात न टेकतात तोच शेजारून आवाज आला, "अगं बायाबाई, तू इथं कशी?" जवाहरनगरच्या उषाबाई! सांधे दाखवायला आल्या होत्या. रविवारचा पहिला फोन यांचा, आणि साऱ्या क्वार्टरात गोष्ट पोचवायची तर यांना एकदा सांगितलं की पुरे. बायाबाईनं हात पदराखाली घेतला.

आत एका वेळी चार जणांना घेत होते. नेमक्या उषाबाईही आत. सर्जनसाहेब कागद चाळत म्हणाले, "चला, आज करायचंय ना यांचं? उपाशी आहात?"

"सर, एक मिनिट," दीपमाला म्हणाली. "पेशंटला काही सांगायचंय."

"आता काय सांगायचं राहिलं?"

बायाबाईनं उषाबाईंच्या मांडीवरची पिशवी पाहिली. हिरवी कापडी पिशवी, जिच्यात दर रविवारी ती स्वतःच्या हातानं मासा टाकायची. मग तिनं आपलं बोट पाहिलं. ओंजळीतलं पाणीही आठवलं तिला, आणि मनातल्या मनात तिनं वैनगंगेची माफी मागितली.

"सायेब, शेतातला काटा नव्हता तो," ती म्हणाली, आणि भीतीनं आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मांगूर होता. मी मासळी कापतो. मांगुरानं मारला मले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे तीन महिने का नाही सांगितलं?"

"पयल्या डाक्टरनं शेतातला मनलं, मी हव मनलं."

साहेबांनी पुन्हा हात घेतला. या वेळी बोटापाशी थांबले नाहीत, मनगटापर्यंत त्या तीन गाठींवरून अंगठा फिरवत गेले. दीपमालानं दोन वाक्यांत आपलं म्हणणं मांडलं. एवढा मोठा माणूस, उपकेंद्रातल्या सिस्टरचं ऐकून घ्यायला त्याला कमीपणा वाटला असता तर कोणी काय करणार होतं? पण त्यांनी ऐकलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, "मीच विचारायला हवं होतं कसला काटा ते." आणि ऑपरेशनच्या यादीतून बायाबाईचं नाव खोडलं.

गाठीचा लहानसा तुकडा नागपूरला गेला. चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं, तरी दीपमालाला चैन कुठलं! तिनं बायाबाईच्या फाईलवर मराठीत, ठळक अक्षरांत, एकच शब्द लिहिला.

"काय लिवलं वो?" बायाबाईला अक्षरओळख नव्हती.

"मासा. हे म, त्याले काना. हे स, त्याले काना."

बायाबाईनं त्या दोन कान्यांच्या उभ्या रेघांकडे निरखून पाहिलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "दोन बाजूले दोन काटे. बराबर मांगूरच काढला पोरीनं!"

सहा आठवड्यांनी नागपूरचा कागद आला. थंड्यात ठेवला म्हणून उगवला होता, तोच, टीबीच्या भावकीतला. साहेबांनी स्वतः दीपमालाला फोन केला. गोळ्या तर आधीच सुरू केल्या होत्या, त्या पाच महिने चालल्या. एकही चुकली नाही, कारण दीपमाला सकाळी उपकेंद्राकडे जाताना दारातून विचारायची, "मावशी, घेतली का?" आणि बायाबाई आतून ओरडायची, "घेतली वो, घेतली! सासूबी एवढी मागं नव्हती लागत!"

पण ओळीत काय झालं तेही ऐका. पुढच्या रविवारी जवाहरनगरहून एकही फोन आला नाही. ललिताबाई कडाडली, "गंगेचं पानी हातात घेतलं होतं तूनं! बोट वाचवलं अन् आमाले बुडवलं!" बायाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या जागेवर तेव्हा आसाराम कापायला बसायचा, आणि त्याच्या हातचं दर दुसरं पित्त फुटायचं, म्हणजे जे दोन-चार येत तेही जायच्या मार्गावर.

त्या रविवारी दीपमाला आली. साधी साडी नाही, मुद्दाम सिस्टरचे कपडे घालून. ओळीच्या मधोमध उभी राहून तिनं दोन मरळ घेतले, आसारामकडून, आणि साऱ्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज आमच्या घरी मासळी हाये. शिजवून खानाऱ्याले काई होत नाई! होते ते ह्या बायांच्या हाताले. तुमाले साफ मासा भेटावा मनून ह्या हात चिरून घेतात, अन् तुमीच त्याईच्याकडून घेनं बंद करता? वा रे वा!" पुढच्या रविवारीही आली. तिसऱ्या रविवारी उषाबाई आल्या, हिरवी पिशवी आणि जाड रबरी हातमोज्यांचा जोड घेऊन. "सहा घरी जाऊन सांगितलं मी," म्हणाल्या. "आधी उलटं सांगितलं होतं, ते निस्तरायला नको?"

हातमोजे घालून आतडी काढता येत नाहीत, बोटाला काही कळत नाही. मग बायाबाईनं रीत काढली. मांगूर धरायचा आणि त्याचे काटे छाटायचे ते मोजे घालून. बाकी उघड्या हातानं, पण शेजारी साबण आणि बादली. हाताला चीर असेल त्या दिवशी कापायला बसायचं नाही. राख फक्त माशाला, जखमेला नाही.

उन्हाळा लागता लागता ती पुन्हा पावशीवर बसली. बोटाचं शेवटचं पेर आता अर्धंच वाकतं. पहिला रोहू घेतला तेव्हा ओळीतल्या आठही जणींनी हातातलं काम थांबवलं. बोट आत गेलं, जरा चाचपडलं, थांबलं, आणि आतडी एका ओढीत बाहेर. पित्त शाबूत. आसाराम उठून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. रडत होता, दुसरं काय!

ललिताबाई तेवढी बोलली नाही. शेजारी बसायची, पण अबोला धरलेला. मग जेठातल्या एका रविवारी बायाबाईला दिसलं, की ललिताबाई डाव्या हातानंच तोलते आहे, उजवा पदराखाली.

"काय झालं वो हाताले?"

"काई नाई. काटा रुतला."

बायाबाईनं पात्यावरचा मासा खाली ठेवला.

"रुतला का मारला?"

समोर पाच-सहा गिऱ्हाईकं होती. उषाबाईही होत्या. ललिताबाईनं त्यांच्याकडे एक नजर टाकली. "रुतला मनलं ना!"

बायाबाई उठली आणि आपलं अर्धवट वाकणारं बोट तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे पाह्य. ह्याले मीबी तेच मनली होती. दोन पेरं जात होती माही. लोकाईकडं नको पाहू, माह्याकडं पाह्य. रुतला का मारला?"

सहा महिने जिच्याशी बोलली नाही तिच्यासमोर ललिताबाईनं पदरातून हात काढला. जांभळी गाठ.

"मारला वो," ती म्हणाली. "महिना झाला."

"आपन काढू वाट. चाल."

आसारामला दोघींची टोपली सांभाळायला सांगून, पित्तं फुटली तर फुटू द्या म्हणून, बायाबाई तिला हाताला धरून घेऊन निघाली. रविवार होता, म्हणून सरळ दीपमालाच्या घरी. दीपमाला ओले केस पुसत बाहेर आली, हात पाहिला, कागद घेऊन पायरीवर बसली आणि सोमवारी दवाखान्यात द्यायची चिठ्ठी लिहू लागली.

"थांब पोरी," बायाबाई म्हणाली. तिनं ते वाकडं बोट कागदावर टेकवलं आणि ओळीवरून हळूहळू सरकवत नेलं. एका जागी, फाईलवरच्या त्याच शब्दाच्या दोन कान्यांवर, ते थांबलं.

"हव," ती ललिताबाईला म्हणाली. "लिवलं हाये."